न काढलेला हेल

“खोट्या नावानं रडलं की आवाज गळ्यातच बसतो,” कौशल्याबाई पहिल्याच दिवशी म्हणाली.

कॉलेजच्या नाटकवाल्या पोरांपुढे ती भिंतीला टेकून बसली होती. दिंद्रुड गावात कुणी गेलं की तिला बोलावणं जाई. ती मढ्याजवळ बसायची, पदर तोंडाशी धरायची आणि मेलेल्याचं नाव घेऊन असा हेल काढायची, की कोरड्या डोळ्यांनी आलेले पुरुषही मान खाली घालत. कॉलेजची एकांकिका तीन वर्षं स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत पडत होती. यंदाच्या नाटकात मेलेल्या मुलाची आई होती आणि ते काम करणारी शिवकन्या बातम्या वाचल्यासारखी रडत होती. म्हणून नाटक बसवणाऱ्या अजिनाथ सरांनी कौशल्याबाईला आणलं.

तिचं शिकवणं थोडकं होतं. श्वास पोटात भर. पदर तोंडावर दाब, मग एकदम सोड. नाव लांबव, पुढचे शब्द तोकडे ठेव. हेल संपला की गप राहा. ऐकणाऱ्याला तेव्हाच भरून येतं.

मुडदा झालेला बजरंग चादरीखालून म्हणाला, “मावशी, माझंच नाव घ्या की. मेलोय तर हाय.”

“गप पड, मुडद्या. जित्याच्या नावानं हेल काढत न्हाईत.”

“मेल्यापासून चहा बी कुणी इचारंना.”

सगळे हसले. शिवकन्या हसली नाही.

“मावशी, माझं अजून कुणीच मेलं न्हाई.”

“मग लई नशिबाची हायस.”

आठ दिवस झाले, शिवकन्येला तो आवाज काही काढता येईना. हे काम गटातल्या योगिताला द्यावं, असं सर बोलू लागले. त्या संध्याकाळी शिवकन्या कौशल्याबाईला गाडीपर्यंत सोडायला गेली.

“शिकवताना तुमी मनात कुणाचं नाव घेता, मावशी?”

कौशल्याबाईनं हातातली पिशवी खाली ठेवली. “अभिमन्यू. माझा ल्योक. कर्नाटकात ऊसतोडीला गेलता. ट्रॉली उलटली. तिथंच जाळला त्याला, मला राख आणून दिली.”

मग म्हणाली, “समद्या गावासाठी रडले, त्याच्यासाठी न्हाई. गाव म्हणतं, दगड हाय बाई. तोंडच दिसलं न्हाई, कुणाकडं बघून रडू? तेवढा एक हेल राहिलाय माझ्यापाशी. मरायच्या आदी काढीन.”

स्पर्धेच्या दिवशी ती बीडच्या नाट्यगृहात तिसऱ्या रांगेत बसली होती. नाटकातल्या मुलाचं नाव राजू होतं. शिवकन्या चादरीपाशी बसली. पदर तोंडावर दाबला. सोडला.

“अभिमन्यूऽऽ! लेकरा, तोंड दाव रं...”

श्वास पोटातून आला होता. नाव लांब, शब्द तोकडे. मग ती गप राहिली, शिकवलं होतं तितकीच. चादरीखालच्या बजरंगनंही श्वास रोखून धरला. विंगेत सरांनी समाधानानं डोळे मिटले. मागून शिट्टी आली, मग टाळ्यांनी सभागृह भरून गेलं. शिवकन्येची नजर अंधारात तिसरी रांग शोधत होती.

कौशल्याबाईनं पदर तोंडाशी नेला. श्वास पोटात भरला. आवाज आला नाही. टाळ्या चालूच होत्या. तिनं पायांनी चाचपून चपला घातल्या, लोकांचे गुडघे ओलांडत कडेला आली आणि दाराबाहेर निघून गेली.