माझे दिवस, माझी पानं

लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला माझे वडील आणि माझा नवरा माझ्यावरून जुगार खेळले. हे वाक्य मी शाळेच्या स्टाफरूममध्ये टाकते तेव्हा नव्या बाईंचा चेहरा बघण्यासारखा होतो. म्हणून लगेच पुढचं सांगते, पैशांचा नव्हे, दिवसांचा.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे त्या सणाला लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, आणि पुरुष एरवी लपूनछपून खेळायचे पत्ते उजळ माथ्याने खेळतात. माझं माहेर चोपड्याजवळच्या गावात, सासर धुळ्याला. मी शिक्षिका, तेव्हा आखाजीला मला सुट्टीच असते. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, वाटे की लेकीने महिनाभर राहावं. आमच्या ह्यांना वाटे की जेवून संध्याकाळच्या गाडीने आपल्याबरोबर परत यावं. दोघेही भिडस्त, तोंडाने कोणी बोलेना. शेवटी आमरस आणि खापरावरचे मांडे पोटभर झाल्यावर आबांनी पत्त्यांचा कॅट काढला आणि वीस चिंचोके मोजून दहा-दहा वाटले. पाचच्या गाडीची वेळ होईपर्यंत तीन पत्ती खेळायची. आबांपुढे जितके चिंचोके उरतील, तितके दिवस लेक माहेरी. सुट्टी माझी आणि वाटणी यांची!

खेळ सोपा आहे. पानं वाटण्याआधी दोघांनी एकेक चिंचोका मध्ये टाकायचा. मग ज्याला आपली पानं पाहायची त्याने पाहावी, पण पाहिली की चाल दुप्पट होते. न पाहता, म्हणजे ब्लाइंड खेळणाऱ्याला एक, तर पाहणाऱ्याला दोन. पटलं नाही तर पानं टाकून द्यायची आणि मधला ढीग दुसऱ्याचा. दोघेही टिकले तर पानं उघडायची, ज्याची भारी त्याचा ढीग.

आबा तीन पानं उचलत, छातीशी धरत, एकेक कोपरा सरकवून पाहत आणि टाकून देत. पुन्हा पाहत, पुन्हा टाकत. आमचे हे मात्र पानांना हातही लावत नसत. पानं पालथी ठेवून, माझ्या भावाशी केळीच्या भावाबद्दल गप्पा मारत चिंचोका पुढे सरकवायचे. दर डावाला आबांचा एक चिंचोका जायचा. माझा एक दिवस! मी दारातून पाहत असे आणि माझा जीव तीळ तीळ तुटत असे.

पहिल्या वर्षी मला सहा दिवस मिळाले. दुसऱ्या वर्षी पाच. तिसऱ्या वर्षी तीन. तीन दिवसांत काय होतं? आईचे पापडही वाळत नाहीत. मी आबांवर चिडले. म्हटलं, इतकं घाबरून कशाला खेळता? ते म्हणाले, "चांगली पानं तर येऊ दे." चांगली पानं येईपर्यंत माझी सुट्टी संपत होती.

चौथ्या वर्षी मी सरळ सतरंजीवर जाऊन आबांच्या जागी बसले. माझे दिवस, माझी पानं. आबा गडबडले. आखाजीला बाईमाणूस झोक्यावर बसतं, पत्त्यांना नाही. तेवढ्यात आई आतून हात पुसत आली आणि म्हणाली, "बसू द्या तिले. दिन तिनाच शेतस ना?"

आबा माझ्या मागे बसले. "पानं देखीसनच खेय," त्यांनी कानात सांगितलं. मी आज्ञाधारक मुलगी. पाहिली, टाकली. पाहिली, टाकली. चार डावांत दहाचे सहा झाले, आणि समोर आमचे हे मिशीत हसत होते.

तेव्हा मला गणित कळलं. दोघांच्या खेळात जपून खेळणारा हरत नाही, तो झिजतो. चांगली पानं दहा डावांत एकदा येतात, चिंचोका मात्र दर डावाला जातो. ह्यांना पानं पाहायची गरजच नव्हती. समोरचा टाकणार, हे त्यांना माहीत होतं.

पाचव्या डावाला मी पानं उचललीच नाहीत. एक चिंचोका सरकवला. ह्यांनी एक टाकला. मी आणखी एक. हे थांबले. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःची पानं उचलून पाहिली, कपाळाला आठी घातली आणि टाकून दिली. मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने हसले. सहाचे वाढत वाढत अकरा झाले.

पाच वाजायला आले. शेवटचा डाव. दोघांचीही पानं पालथी. मध्ये चार माझे आणि चार त्यांचे चिंचोके. मागून आबांचा हात हळूच माझ्या पानांच्या कोपऱ्याकडे आला. मी त्यावर चापट मारली. आबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पानं उघडली. त्यांच्यात सगळ्यात मोठी राणी, माझ्यात राजा. पंधरा दिवस!

हे एकटेच गाडीला गेले. खरं सांगायचं तर दहाव्या दिवसापासून मला करमेना. पापड झाले, कुरडया झाल्या, मैत्रिणी सासरी गेल्या. ह्यांना फोन केला, तर म्हणे, "नियम म्हणजे नियम." मेले जिंकलेले दिवस!

पण त्याच फावल्या दिवसांत शेजारचे नाना ओट्यावर आले. ते आबांचे जुने सोबती. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, आबांना पत्ते येत नाहीत, फार घाबरून खेळतात. नाना माझ्याकडे पाहतच राहिले. "तुना बाप? आमनामा तर तो पानं देखसच नही!" गावातला सगळ्यात बेधडक गडी म्हणजे माझे आबा, हे मला लग्नानंतरच्या चौथ्या आखाजीला कळत होतं.

जेवताना मी आबांना विचारलं. ते ताटाकडे पाहत म्हणाले, "तठे मनं काय जास? आठे तुना दिन शेतस. न देखता कसा लावू?"

तिथे फक्त त्यांचं स्वतःचं जात होतं, इथे माझे दिवस. त्यांची ती छातीशी धरलेली पानं मी चार वर्षं भित्रेपणा समजत होते.

हे न्यायला आले तेव्हा बसमध्ये मी त्यांना टोचलं, पानं न पाहता खेळता, म्हणजे तुम्हाला माझे दिवस स्वस्त वाटले होय? ते शेंगा सोलत म्हणाले, "हरलो तर तू खूश, जिंकलो तर मी खूश. मी कशाला पानं पाहू?" आणि सोललेले दाणे माझ्या ओंजळीत टाकले. या माणसावर फार वेळ रागावता येत नाही.

तेव्हापासून दर आखाजीला मीच खेळते. कधी बारा दिवस, कधी आठ. आता आबांचे हात थरथरतात, पण माझ्या मागची जागा सोडत नाहीत. यंदा माझ्यापुढे तेरा चिंचोके होते. शेवटच्या डावाला मी उठले आणि म्हटलं, आबा, हा तुम्ही खेळा.

ते नको नको म्हणत बसले. सवयीने हात पानांच्या कोपऱ्याकडे गेला. तिथे थांबला. मग त्यांनी हात मागे घेतला आणि पानं पालथी ठेवूनच एक चिंचोका सरकवला. मग दुसरा. तिसरा. आमच्या ह्यांनी चकित होऊन माझ्याकडे पाहिलं.

पानं उघडली आणि आबा हरले. वाटणीआधीचा एक धरून माझे चार दिवस गेले. मला वाटलं, आता त्यांचा चेहरा पडणार. पण ते उरलेले नऊ चिंचोके डबीत भरत म्हणाले, "जाऊ दे. दिवाईले येशीच ना?"

"येईन," मी म्हटलं.

"मंग काय देखानं?" असं म्हणून आबांनी डबीचं झाकण लावलं.