स्कॅनरवर ऐकलेली बंदूक

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठली चोरी कुठल्या घरात झाली विचारलंत, तर मी बायकोच्या तोंडाकडे बघतो. त्या एका सकाळची घटना मात्र कालच घडल्यासारखी आठवते. नावं मी कुणाचीच सांगणार नाही, फक्त एक हाकेचं नाव सांगणार आहे, कारण त्याच्याशिवाय ही हकिकत सांगताच येत नाही. त्या मुलाची परवानगी घेतली आहे.

अमेरिकेत, ओहायो राज्यात, कोलंबसच्या बाहेरच्या एका उपनगरात मी पोलीस खात्यात नोकरी केली आणि डिटेक्टिव्ह म्हणून निवृत्त झालो. तिथे मराठी बोलणारा पोलीस मी एकटाच. त्यामुळे तिथल्या मराठी मंडळातली माणसं बरीच वर्षं माझ्याकडे दयेनं बघत. दिवाळीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत एका काकूंनी विचारलंच, "इंजिनिअरिंग जमलं नाही का हो?" मी म्हटलं, "जमलं असतं, पण मला दिवसभर खुर्चीत बसवत नाही." काकूंना ते काही पटलं नाही.

पोलिसांचं काम रेडिओवर चालतं. तुम्ही ९११ ला फोन करता, तिथली व्यक्ती माहिती घेते आणि नियंत्रण कक्षातून ती गस्तीच्या गाड्यांना रेडिओवर सांगितली जाते. आमचं चॅनेल तेव्हा खुलं होतं. स्कॅनर नावाचं छोटं यंत्र विकत घ्या, नाहीतर मोबाईलवर ॲप टाका, की आमचं बोलणं घरबसल्या ऐकू येई. रिकामटेकडे ऐकत, हौशी ऐकत आणि पत्रकार तर ऐकतच. टीव्ही स्टेशनच्या न्यूजरूममध्ये एका टेबलावर चार-पाच स्कॅनर दिवसभर खरखरत असतात. एकावर पोलीस, दुसऱ्यावर आगीचा बंब, तिसऱ्यावर अँब्युलन्स. त्या टेबलावर मुरलेला माणूस चहा पीत, फोनवर भांडत असतानाही कुठल्या यंत्रातून काय आलं ते बरोबर टिपतो. चांगल्या न्यूजरूमचा नियम सोपा आहे. स्कॅनरवर ऐकली ती खबर, बातमी नव्हे. आधी पोलिसांना फोन करायचा, खात्री करायची आणि मग सांगायची. आम्ही आमच्या खबऱ्यांना हीच वागणूक देतो, त्यामुळे या नियमाबद्दल मला आदर आहे.

तर त्या सकाळी मी स्टेशनात एका जुन्या प्रकरणाचे कागद चाळत बसलो होतो. रेडिओवर आलं, विद्यार्थी राहतात त्या अपार्टमेंटमध्ये बंदूक आहे, गोळी झाडलेली आहे, एक जण जमिनीवर पडलाय आणि शस्त्र फोन करणाऱ्याच्याच हातात आहे. असा कॉल आला की सगळ्यांच्या अंगात एकदम वीज येते. दोन-तीन गाड्या सुटल्या. शस्त्र असलेल्या जागी अँब्युलन्स थेट आत जात नाही, पोलिसांनी हिरवा कंदील दाखवेपर्यंत कोपऱ्यावर थांबते. आमची पोरं सुदैवानं झटपट आत शिरली. आत एक तरुण जमिनीवर बेशुद्ध होता, दुसरा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. दुसऱ्याला बेड्या घातल्या, पहिल्याला अँब्युलन्सवाल्यांनी उचललं. मग एका शिपायानं बेड्यांतल्या मुलाचं नाव, आडनाव, जन्मतारीख रेडिओवर अक्षर-अक्षर फोडून सांगितली, पूर्वीचा काही गुन्हा आहे का बघायला. ही रोजची पद्धत होती. त्या खुल्या चॅनेलवर ते नाव किती कानांत गेलं, याचा कुणी विचार केला नाही.

मुलाला स्टेशनात आणेपर्यंत एका वेबसाइटवर बातमी झळकलीसुद्धा. गावातल्या बातम्यांची ती वेबसाइट एकच गृहस्थ चालवायचे, स्कॅनर आणि लॅपटॉपच्या जोरावर. 'विद्यार्थ्यांच्या घरात गोळीबार, एक ताब्यात', आणि खाली मुलाचं पूर्ण नाव!

तेवढ्यात माझा फोन वाजला. टीव्ही स्टेशनच्या असाइनमेंट डेस्कवरच्या, म्हणजे त्या स्कॅनरच्या टेबलावरच्या, बाई होत्या. आमची कित्येक वर्षांची ओळख. गोड बोलणं त्यांच्या स्वभावात नाही.

"डिटेक्टिव्ह, तुमच्याकडे गोळीबार झालाय म्हणे."

"असं रेडिओवर आलंय. चौकशी चालू आहे."

"मग मला एक सांगा. गोळी लागलेल्या माणसाबद्दल अँब्युलन्सवाले हॉस्पिटलला 'जखम नाही, शुगर एकदम खाली' असं का सांगतायत? मी दोन्ही चॅनेल ऐकतेय. तुमच्यात कुणी ऐकतं की नाही?"

मी कागद खाली ठेवले. खरं सांगायचं तर पोलीस पोलिसांचं ऐकतात, अँब्युलन्सवाले अँब्युलन्सचं. दोन्ही ऐकणारी माणसं फक्त न्यूजरूममध्ये.

"दुसरी गोष्ट," बाई म्हणाल्या, "मुलाचं नाव माझ्याकडेही आहे. बाराच्या बातम्यांत ते हवंय म्हणून आमचे साहेब माझ्या डोक्यावर उभे आहेत. देऊ की थांबू?"

"थांबा. मी फोन करतो."

"बातम्या बाराला सुरू होतात. तुमच्या फोनसाठी थांबत नाहीत." त्यांनी फोन आपटला.

मुलाचं नाव मी वेबसाइटवर वाचलं होतं. आडनाव विदर्भाकडचं वाटत होतं. मी तडक चौकशीच्या खोलीबाहेर, आतलं दिसतं-ऐकू येतं त्या टीव्हीसमोर जाऊन उभा राहिलो. आत माझा एक सहकारी, स्वभावानं भला पण आवाज फाटका, मुलाला विचारत होता, "व्हेअर इज द गन?"

मुलगा रडवेला होऊन म्हणाला, "गणू? यू टुक गणू!"

"वुई डिड नॉट टेक एनी गन."

"यू टुक गणू! इन द अँब्युलन्स!"

सहकाऱ्यानं चक्रावून आमच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, मुलगा वेडाचं सोंग घेतोय. मला मात्र ऐकताक्षणी कळलं, हा माणसाचं नाव घेतोय. हसूही आलं, ते मी गिळलं.

मी आत गेलो, खुर्ची ओढली आणि मराठीत विचारलं, "काय रे बाळा, कुठला तू?"

त्याचा चेहरा बघायला हवा होता. आधी विश्वासच बसेना. मग एकदम म्हणाला, "नागपूरचा. काका, गणू कसा आहे? मी विचारून राहिलो, पण कोणीच सांगून नाही राहिलं!"

"गणू कोण?"

"माझा रूममेट. त्याला लहानपणापासून डायबेटिस आहे. सकाळी इन्सुलिन घेतलं, नाश्ता केला नाही आणि धाडकन पडला."

"आणि बंदूक?"

"कुठली बंदूक?"

"फोनवर काय बोललास? तेच शब्द सांग, इंग्रजीतलेच."

तो आठवत म्हणाला, "मी म्हटलं, गणू इज ऑन द फ्लोअर. तिनं विचारलं, काय झालं. म्हटलं, ही टुक हिज शॉट अँड फेल डाऊन. ती म्हणाली, तू कुठे आहेस? म्हटलं, आय ॲम होल्डिंग गणू. मग त्याच्या तोंडातून फेस येऊन राहिला होता, तर मी फोन टाकून त्याला कुशीवर वळवलं."

इथे इन्सुलिनच्या इंजेक्शनलाही 'शॉट' म्हणतात आणि गोळी झाडली तरी 'शॉट'च. वर हा गणू! ९११ वरच्या बाईंनी 'गन' ऐकलं, 'शॉट' ऐकलं, 'होल्डिंग' ऐकलं, त्यांचं काय चुकलं? आपल्याकडे घरोघरी एक गणू असतो, ओहायोत नसतो.

माणसं ओळखायची एक खूण मी नोकरीत शिकलो होतो. खोटं बोलणारा तुमच्या प्रश्नाला उत्तर देतो, कारण त्याला तुमच्यापासून सुटायचं असतं. खरा घाबरलेला माणूस तुमचा प्रश्न सोडून स्वतःच्या काळजीबद्दल बोलत राहतो. हा पोरगा एकदाही "मी काही केलं नाही" म्हणाला नव्हता. तो फक्त गणूची चौकशी करत होता.

पण खूण म्हणजे पुरावा नव्हे. शिवाय मराठी म्हणून मराठी पोराला सोडवलं, असं कुणी बोलायला नको होतं. मी हॉस्पिटलला फोन लावला. डॉक्टर म्हणाले, जखम नाही, साखर घसरली होती, मुलगा शुद्धीवर येतोय. मग ९११ चं रेकॉर्डिंग मागवलं आणि आमच्या सार्जंटला ऐकवलं. तो म्हणाला, "स्पष्ट 'गन' आहे." मी म्हटलं, "गणू हे माणसाचं नाव आहे. आता परत ऐका." रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. सार्जंट कानापर्यंत लाल झाला आणि त्यानं बेड्यांची किल्ली माझ्या हातात ठेवली.

बारा वाजत आले होते. मी डेस्कवरच्या बाईंना फोन केला. "गोळीबार नाही, बंदूक नाही, आजारपण आहे. मुलानं गुन्हा केलेला नाही, मित्रासाठी मदत बोलावली."

"नाव बातमीतून काढलं," त्या म्हणाल्या आणि लगेच दुसऱ्या कुणावर तरी ओरडल्या. बस, एवढंच.

वेबसाइटवाले गृहस्थ मात्र ऐकेनात. म्हणे, "मी 'स्कॅनरनुसार' असं लिहिलंय."

माझं डोकं फिरलं. "स्कॅनरनं जन्मतारीखही सांगितली होती, ती का नाही छापलीत? स्कॅनर तुम्हाला शपथेवर सांगत नाही हो! तिथे आम्ही धावत धावत बोलतो, अर्धं ऐकलेलं बोलतो. तुम्ही छापता ते नाव कुणाच्या तरी मुलाचं असतं, त्याच्या घरच्यांचा विचार करा."

 शेवटी त्यांनी बातमी काढून टाकली आणि खुलासा टाकला. तेवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.

पुढे आमच्या खात्यात चॅनेल बाहेरच्यांसाठी कायमचं बंद करायची चर्चा सुरू झाली. मी बैठकीत ठाम विरोध केला. त्या डेस्कवर कुणी ऐकत नसतं, तर गोळी आणि साखर यांतला फरक आमच्या लक्षात यायला संध्याकाळ झाली असती. आमच्या कामावर बाहेरचा कान असलेला बरा. फक्त तेव्हापासून माणसांची नावं रेडिओवर घ्यायची नाहीत असं ठरलं, ती गाडीतल्या कॉम्प्युटरवर तपासायची. त्या निर्णयात माझा वाटा होता आणि तो मी अभिमानानं सांगतो.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी मी मुलाला माझ्या गाडीतून हॉस्पिटलकडे नेत होतो. त्याचा फोन सारखा थरथरत होता. वेबसाइटवरून बातमी गेली तरी तिचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरत फिरत नागपूरला पोचला होता.

"बाबांचा आहे," तो म्हणाला. "काका, तुम्हीच बोला ना प्लीज. माझ्यावर त्यांचा विश्वास नाही बसणार, त्यांना वाटेल मी लपवून राहिलो."

मी गाडी कडेला घेतली. "साहेबांशी बोला" म्हणून त्यानं फोन माझ्या हातात दिला.

"जय भीम साहेब," पलीकडचा आवाज घोगरा झाला होता. "पोरानं गोळी झाडली म्हणून राहिले सारे. गल्लीतले लोक घरी येऊन बसले. जे असंल ते खरं सांगा."

"जय भीम. मी पोलीस खात्यातून बोलतोय. गोळी नाही, बंदूक नाही, अटकही नाही. त्याचा मित्र आजारी पडला आणि तुमच्या मुलानं मदत बोलावली. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला असता तर तो मित्र हाती लागला नसता. तुमच्या मुलानं एक जीव वाचवलाय."

पलीकडून कुणीतरी हुंदका दिला, बहुतेक आईनं.  मग वडिलांनी हळूच विचारलं, "साहेब, हे बी येईल का बातमीत?"

इतकी वर्षं मी पत्रकारांच्या प्रश्नांना फटाफट उत्तरं दिली होती. या प्रश्नाचं उत्तरही मला ठाऊक होतं, पण ते त्यांना सांगवेना. सुखरूप असलेल्या माणसांची खबर कुठल्याच स्कॅनरवर खरखरत नाही. शेजारी मुलगा खिडकीबाहेर बघत डोळे पुसत होता.

"मी सांगेन लोकांना," मी म्हणालो.

आज सांगितलं.