वडिलांना पाठवा

“वडिलांना पाठवा.” पोरगा दुसरीत होता तेव्हापासून हे ऐकतेय मी. पहिल्यांदा शाळेत मीच गेले होते की! लाँड्रीतून अर्ध्या दिवसाची रजा काढली, केस नीट केले, गेले. वर्गाच्या बाईंनी माझ्या खांद्यावरून मागे बघितलं, आणखी कुणी येतंय का म्हणून. मग म्हणाल्या, “मुलगा आहे ना, त्याला वडिलांचा धाक लागतो. त्यांना पाठवा.” म्हणजे मी काय तिथे हवा खायला गेले होते?

आता वडिलांचं ऐका. आमचे हे काचा बसवतात. खिडक्या, आरसे, दुकानांच्या दर्शनी काचा. शिडीवर उभं राहून माणसाएवढी काच अशी अलगद चौकटीत सरकवतील की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. बोट कापलं तर चिंधी गुंडाळून काम पुढे चालू. पण टेबलापलीकडे पेन घेऊन कुणी बसलं की ह्यांची बोबडी वळते. बँकेत, दवाखान्यात मला पुढे करतात आणि स्वतः भिंतीला चिकटून उभे. “मी शाळेतून पळालेला माणूस, मी त्या बाईंना काय सांगणार?” म्हणायचे. पोरावर जीव कमी होता असं नाही. रोज सकाळी त्याच्या पेन्सिलींना टोकं करून ठेवायचे. पण शाळेचं नाव काढलं की ह्यांना चप्पलच सापडायची नाही.

माझा धाकटा भाऊ फर्निचरच्या दुकानात सेल्समन आहे. जीभ अशी गोड की माणूस खुर्ची बघायला येतो आणि कपाट घेऊन जातो. तो म्हणाला, “भावजी, मी जाऊन येतो.” ह्यांचा चेहरा असा खुलला, जणू फाशी टळली! फाटकावर शिपायाने विचारलं, “वडील का?” आमच्या शहाण्याने म्हटलं, “हो.” घरी येऊन सांगितलं तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

पण पुढच्या वेळी परत तोच गेला. मग प्रत्येक वेळी तोच. पोराला त्याने बजावून ठेवलं, “शाळेत मला बाबा म्हणायचं.” होता होता हा पालक समितीत जाऊन बसला. तिथे माइक हातात घेऊन ‘मुलाच्या अभ्यासात वडिलांची भूमिका’ यावर भाषणही ठोकून आला. अरे, लग्न तरी झालंय का तुझं! घरी आला की जेवायचा, हात पुसायचा आणि म्हणायचा, “ताई, काळजी सोड. पोरगा फर्स्टक्लास आहे.”

एके संध्याकाळी पोरगा धडा वाचत होता, अगदी घडाघडा. मी भांडी घासता घासता खुशीत वळून बघितलं, तर समोर पान भलत्याच धड्याचं. म्हटलं, “आता हे पान वाच.” तोंडाला कुलूप. बोट ठेवून म्हटलं, “एवढा एक शब्द वाच.” पोराच्या डोळ्यांत पाणी. चौथीतला मुलगा, आणि सगळं नुसतं ऐकून पाठ करत आला होता. भावाला फोन केला तर म्हणतो, “येईल गं हळूहळू. बाई पण तसंच म्हणतात.” माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्याच आठवड्यात निरोप आला: मुलाला वर्गात मागे ठेवायचं की नाही ते ठरवायचंय, वडिलांना पाठवा. भाऊ दुकानाच्या कामाने परगावी. मी ह्यांना म्हटलं, “आज तुम्ही गेला नाहीत, तर मी त्या शाळेच्या दारात बसेन आणि सगळ्यांना सगळं सांगेन.” चप्पल लगेच सापडली.

पुढचं ह्यांनी तुकड्यातुकड्याने सांगितलं, उरलेलं पोराने. शिपायाने फाटकावरच अडवलं. “ह्याच्या वडिलांना मी चांगला ओळखतो. गॉगलवाले, हसरे. तुम्ही कोण?” पोराने हात धरून ओढलं, तसेच आत गेले. बाईंनीही तेच विचारलं. पोरगा शेजारी उभा, मान खाली, बुटाने फरशी घासत. खरं बोलावं तर पोरगा बाईंसमोर खोटारडा ठरतो. हे म्हणाले, “मी... ह्याचा मामा.”

आणि काय सांगू! मामा म्हटल्याबरोबर ह्यांना कंठ फुटला. बाईही मोकळ्या झाल्या. म्हणाल्या, “बरं झालं, तुम्ही आलात. ह्याचे वडील बोलायला गोड, पण नुसते शब्दांचे धनी. मुलाला वाचता येत नाही हे मी त्यांना किती वेळा सांगितलं. रोज घेऊन बसतो म्हणतात, बसत कुणीच नाही. परीक्षेपर्यंत थांबते, मग मात्र मागे ठेवावं लागेल.” ह्यांनी चक्क प्रश्न विचारले. कसं बसायचं, अडला तर सांगायचं की थांबायचं, चिडला तर काय करायचं. बाईंनी शब्दाखाली बोट धरून दाखवलं.

घरी आले, पाणी प्यायले आणि मला म्हणाले, “त्याच्या वडिलांना निरोप आहे. रोज पोराला घेऊन बसायचं.” हसू की कपाळ बडवून घेऊ, मला कळेना. भावाला मात्र फोनवर असा सोलून काढला की शेजारीण दारात आली.

पण बसले हो, रोज बसले. हात धुवायचे, तरी नखांत काचेची पूड राहायची. पोरगा अडला की मी ओट्यापाशी उभी राहूनच शब्द सांगायला जायची, तर हे हात वर करून मला गप्प करायचे. थांबायचे. कधी दोघांनाही शब्द यायचा नाही, मग दोघं मिळून फोड करायचे. परीक्षा आली, गेली.

काल पोरगा धावत आला. “आई, मी सगळ्या वर्गासमोर पानभर वाचलं! बाई म्हणाल्या, तू पाचवीत चाललास.” मी त्याला जवळ ओढला. तो पुढे म्हणाला, “कुणी शिकवलं विचारलं. मी सांगितलं, मामाने. मग बाई म्हणाल्या, उद्या मामांनाच पाठव, वडिलांना नको.”

हे दारात बूट काढत होते. तसेच वाकलेले राहिले. मी म्हटलं, “पुरे झालं आता. उद्या जा आणि ताठ मानेने सांगा, मीच बाप आहे त्याचा.”

बुटाची नाडी बोटाला गुंडाळली, सोडली. मग हळूच म्हणाले, “बाप म्हणून गेलो की परत बोबडी वळेल गं. मामा म्हणूनच जाऊ दे मला.”

मी त्यांचा उद्याचा शर्ट ओढून घेतला आणि इस्त्री करायला बसले. कॉलर जळता जळता राहिली.