वर्षभराची पाहुणी

आपण जिथे राहतो तिथे नसणं, ही कला आमच्या सबंध मालवण तालुक्यात फक्त माझ्या आतेबहिणीला साधली होती. बारावीनंतर पुण्याच्या एका नावाजलेल्या कॉलेजने तिला अर्थशास्त्राला प्रवेश नाकारला. दोन दिवस ती जेवली नाही, तिसऱ्या दिवशी माझ्यासोबत मालवणच्या कॉलेजात आली आणि पहिल्याच तासाला शेजारच्या मुलीने नाव विचारलं तेव्हा म्हणाली, "मी इथे वर्षभरच आहे. पुढच्या वर्षी कॉलेज बदलून पुण्याला जाणार." त्या मुलीने पुन्हा काही विचारलं नाही.

मग तिने आमच्या गावात, आचऱ्यात राहून पुण्याची तयारी सुरू केली. मालवणी बंद. दारावर आलेल्या मासेवालीलाही ती "मावशी, सुरमई ताजी आहे का हो?" असं विचारी, आणि ती बाई टोपली न उतरवता सांगे, "गो बाय, आवशीक धाड. तुजा बोलणा माका कळणा नाय." मग आत्यालाच बाहेर यावं लागे. हॉस्टेलच्या जेवणाची सवय हवी म्हणून तिने आमटीतलं खोबरं सोडलं. आमच्याकडे माणूस देव सोडील, खोबरं सोडणार नाही, त्यामुळे शेजारणी आत्याला मुलीबद्दल हळूच विचारू लागल्या, "चेडवाक कावीळ झाली काय गो?" आत्या बिचारी वाटण अगदी गंधासारखं बारीक करून चोरून घालायची. पुण्यासाठी घेतलेली बॅग तिने रिकामी केलीच नाही. रोजचे कपडे त्यातूनच काढायची आणि धुऊन त्यातच ठेवायची. कॉलेजची सहल निघाली, ही गेली नाही. गॅदरिंगला मुलींनी नाटकात घेतलं, तर म्हणाली, "कशाला? मी जाणारच आहे." वर्गाचा फोटो निघाला तेव्हा ही लायब्ररीत होती. मुली आधी रागावल्या, मग हसल्या, मग तिला विचारायच्याच थांबल्या. हे शेवटचं तिला कळलंसुद्धा नाही.

वर्षअखेरीस ती कॉलेजात पहिली आली. पुण्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला एक जागा रिकामी झाली होती. तिने अर्ज केला आणि मुलाखतीला बोलावणं आलं. आत्याने देवाला नारळ ठेवला, आणि सोबत म्हणून मला धाडलं.

ती आत गेली तेव्हा मी बाहेर बाकावर बसलो होतो. थोड्याच वेळात ती बाहेर आली. चेहरा पांढराफटक. मी विचारलं, "काय झाला?" ती सरळ स्टँडकडे चालू लागली. बस घाट उतरू लागली तेव्हा तिने वर्षभरात पहिल्यांदा मालवणीत तोंड उघडलं.

"अभ्यासाचा सगळा सांगलंय रे. मगे त्या बाईंनी इचारल्यानी, वर्षभर वर्गातल्या मुलांबरोबर काय केलंत? मैत्रिणींबद्दल सांगा. माका एक नाव पण सांगूक येवक नाय."

ती जागा त्यामुळेच गेली की दुसऱ्या कुणाचे गुण जास्त होते, कोण जाणे. नकार आला एवढं खरं. जूनमध्ये ती पुन्हा माझ्यासोबत बसमध्ये चढली. यावेळी तिने खरंच प्रयत्न केला. मुलींच्या घोळक्याजवळ जाऊन उभी राहायची, कुणी हसलं की हसायची. मुली वाईट नव्हत्या, सरकून तिला जागा द्यायच्या. पण घरी आलेल्या पाहुणीला द्यावी तशी. त्यांच्या गमती सगळ्या पहिल्या वर्षातल्या होत्या. उरलेली दोन वर्षं तशीच गेली. निरोपाच्या दिवशी प्रत्येकीबद्दल कुणी ना कुणी काहीतरी सांगितलं, हिची पाळी आल्यावर सगळे एकमेकांकडे बघू लागले, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "खूप हुशार आहे."

आता ती ओरोसला सरकारी कचेरीत आहे. काम चोख करते, लोक मान देतात. परवा कामानिमित्त गेलो होतो, तर मला स्टँडवर सोडायला आली. बसला उशीर होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने अचानक विचारलं, "आपल्या वर्गात कोण कोण होती रे?"

मी आठवून सांगू लागलो. मसुऱ्याची एक होती, ती तासाला चोरून चिंचा खायची. एक इतकी मोठ्याने हसायची की सर थांबायचे. एकीचं लग्न पहिल्याच वर्षी झालं आणि आम्ही सगळे तिला पोचवायला गेलो होतो. बहीण मान खाली घालून ऐकत होती. मध्ये मी थांबलो, तर म्हणाली, "सांग मा, आणि?"

बस आली तरी मी चढलो नाही. सांगत राहिलो.