आरसेमहाल कुठल्या बाजूला?

आमच्या इमारतीत तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या काकूंनी जुनी राजधानी पाहिलेली नव्हती, पण तिच्याबद्दल त्यांच्याइतक्या अधिकाराने बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. यात नवल काही नाही. इतिहासाचं बरंचसं कामकाज असंच चालतं.

काकू पडदे, उशांचे अभ्रे आणि शाळेचे गणवेश शिवतात. मशीन भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं, त्यामुळे गिऱ्हाइकाशी बोलताना त्या भिंतीशीच बोलतात आणि भिंत त्यांना कधी उलट विचारत नाही. राजधानीची माहिती त्यांना काकांकडून मिळे. काका सहलीच्या बसवर ड्रायव्हर होते. शनिवार-रविवार माणसं भरून राजधानीला न्यायची, परत आणून टाकायची, सोमवारी दुपारी उठून चहा पिता पिता सांगायचं, की राजवाडा असा आहे, सिंहासन तसं आहे. त्यातही आरसेमहाल हा काकांचा खास प्रांत. आत पाऊल टाकलं की गारवा लागतो, मंद सुगंध येतो, चारी बाजूंनी आरसे, पाण्याला सोन्याच्या तोट्या आणि दाराशी हात पुसायला रुमाल घेऊन उभा असलेला सेवक. काकूंनी हे वर्णन निम्म्या गल्लीला मापं घेता घेता ऐकवलं होतं.

"मलाही न्या की एकदा," असं त्या अधूनमधून म्हणत.

"दगड आहेत गं सगळे. मी पाहिलेत ना? तुला सांगतो."

केबिनमधल्या जादा सीटवर बायकोला बसवायला मालकाची ना नव्हती. बाकीच्या ड्रायव्हरांच्या बायका जाऊन आल्या. काका म्हणत, रस्ता खराब आहे, तुझी कंबर धरेल. पुढे रस्ता चौपदरी झाला, आरशासारखा गुळगुळीत झाला, पण काकूंची कंबर जुन्याच रस्त्यावर धरत राहिली.

काका निवृत्त झाले तेव्हा मुलीने दोघांचं सहलीचं बुकिंग करून टाकलं. काकांचा गुडघा त्याच आठवड्यात दुखायला लागला. काकूंनी गुडघ्याला पट्टा शिवून दिला आणि बॅगा दाराशी नेऊन ठेवल्या.

शनिवारी सकाळी राजवाड्याच्या पहिल्या दालनात गाइड मुलगी हातातली झेंडी उंच धरून कुठल्या राजाने कुठली भिंत बांधली ते सांगत होती. काकू मान डोलावत होत्या, चुकलं तर दुरुस्त करायच्या तयारीने. शेवटी त्यांनी विचारलं,

"आणि आरसेमहाल कुठल्या बाजूला?"

"तो इथे नाही काकू. जेवायला थांबू ना, त्या हॉटेलात."

"हॉटेलात? कुठल्या राणीचा आहे?"

मुलगी जरा घुटमळली. "कुठल्या राणीचा असं नाही. ज्याला लागेल त्याचा."

मग तिने खुलासा केला. त्या हॉटेलचं स्वच्छतागृह फार टापटिपीचं आहे. चारचौघांत नाव घ्यायला लोकांना अवघड वाटतं, म्हणून सहलीवाले त्याला वर्षानुवर्षं आरसेमहाल म्हणतात. 'आधी आरसेमहालात जाऊन या,' असं गाडीत चढताना एकमेकांना सांगतात. गटातले एक आजोबा इतके हसले की त्यांच्या सुनेला त्यांची पाठ चोळावी लागली.

काकूंनी मागे वळून काकांकडे पाहिलं. काका छत बघत होते. छताला पांढरा चुना होता.

"सिंहासन कुठे आहे हो?" काकूंनी अगदी शांतपणे विचारलं.

"आत."

"आत म्हणजे कुठे?"

"हे असं... सरळ."

सरळ भिंत होती. काकू वळल्या. गाइडच्या मागून दालनं फिरल्या, जिथे थांबायचं तिथे थांबल्या. त्या दिवशी त्यांच्यासमोरून अख्खी राजवट गेली आणि त्यांना त्यातलं काही दिसलं नाही.

जेवायला थांबले तेव्हा त्या आधी आरसेमहालात जाऊन आल्या, काकांसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "तोट्या आहेत. पितळेच्या आहेत, पण आहेत. तेवढं खरं सांगितलंत."

काका पाणी प्यायले.

"राजवाड्यात एकदाही गेला नाहीत?"

"अगं, रात्रभर गाडी चालवायची. पोचलं की सामानाच्या डिक्कीत आडवा व्हायचो. माणसं परत आली की बोलायची, ते कानावर पडायचं."

"मग तसं सांगायचं."

"पहिल्यांदा सहज फेकलं गं. घरी आल्यावर, तिथे नुसता झोपलो होतो असं सांगायला बरं वाटेना. तर तू ते जाऊन समोरच्या बाईंना सांगितलंस. मग शाळेच्या बाईंना. मग तुला कसा आणणार? आल्या आल्या कळलं असतं."

म्हणजे कंबर नव्हती आणि रस्ताही नव्हता. एका थापेची अब्रू राखायला एक बाई इतकी वर्षं भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"तुम्ही नाही पाहिलंत, त्याचं मला काही नाही," काकू म्हणाल्या. "तुम्ही डिक्कीत झोपला असतात, मी पाहून आले असते. मी येऊन तुम्हाला सांगितलं असतं. तुमचं काय गेलं असतं?"

"एकटी फिरली असतीस?"

"गाडीभर माणसं आणत होतात. त्यांच्यात एक मी जड झाले होते?"

वाढपी भात घेऊन आला, दोघांची तोंडं पाहून पुढच्या टेबलाकडे वळला.

रविवारी सकाळी कार्यक्रमात बाजार होता. सगळ्या बायका बाजाराकडे निघाल्या. काकू उलट दिशेला, राजवाड्याच्या तिकीट खिडकीकडे. कालचं फिरणं रागात गेलं होतं, आणि रागात पाहिलेलं त्यांच्या हिशेबी न पाहिलेलंच. काका गुडघ्याचा पट्टा सावरत त्यांच्यामागे रांगेत येऊन उभे राहिले.

"एकच द्या," काकू खिडकीतल्या माणसाला म्हणाल्या.

"अगं, मी पण येतो ना."

"तुम्ही बसा. गाडीजवळ कोणीतरी पाहिजे."

काका गाडीजवळ बसले. नव्या ड्रायव्हरने ओळख काढून, आदराने, डिक्कीतली आपली सतरंजी त्यांना देऊ केली. काका नको म्हणाले. बाजारातून बायका पिशव्या घेऊन परतल्या, गाइड मुलीने माणसं मोजली, पुन्हा मोजली, ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. काकांनी त्याला हात करून थांबवलं, बरं का. गाडीतले आजोबा कुरकुरले, तेव्हा काकांनी त्यांनाही ऐकवलं की बाई बघायला गेलीय, बघून येईल.

काकू आल्या त्या सावकाश. घाम पुसत, कोणाकडे न बघता गाडीत चढल्या आणि खिडकीशी बसल्या. गाडी निघाली. गावाबाहेरचा चढ येईपर्यंत काकांनी धीर धरला.

"काय काय पाहिलंस?"

"सगळं."

"मग सांग की."

काकूंनी खिडकीचा पडदा काकांच्या बाजूने ओढून घेतला.

"झोपा तुम्ही," त्या म्हणाल्या. "घर आलं की उठवते."