राणी कलरचं घर आणि सुदामची कांदाचाळ

किस्से जमवावे लागत नाहीत, साचतात. पंचवटीतल्या माझ्या कॉम्प्युटर क्लासवर खालच्या गिरणीचं पीठ साचायचं ना, तसे! आज झटका, उद्या बोटभर थर पुन्हा हजर. गिरणीत बाजरी पडली की वरचे पाचही माऊस आपोआप सरकायचे. खोटं वाटत असेल तर दिगूला विचारा. तो माझ्याहून जास्त खोटं बोलतो.

दिगू म्हणजे दिगू पेंटर. अर्ध्या नाशिकच्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या. मग दोन हजार सालाच्या पुढेमागे फ्लेक्स आला, दिगूचा ब्रश वाळला आणि तो दिवसभर माझ्या क्लासवर येऊन बसायला लागला. तिसरा सुदाम. सटाण्याकडचा. आधी माझा विद्यार्थी, मग माझ्याच क्लासचा मास्तर, आणि हळूहळू माझ्याहून हुशार. हे तिसरं मी त्याला कधी सांगितलं नाही.

आमच्याकडे एक परदेशी गेम आला होता. ओसाड माळावर वसाहत वसवायची. घरं, विहिरी, कोठारं बांधायची, माणसं नांदवायची. पण घरं सगळी तिकडची, उतरत्या छपराची, धुराड्याची. सुदामनं शोधून काढलं की इमारतींची चित्रं एका फोल्डरमध्ये असतात आणि ती बदलता येतात. गेम त्यांचा, गाव आपलं! याला ‘मॉड’ म्हणतात हे खूप नंतर कळलं. तोवर आम्ही त्याला ‘रंगकाम’च म्हणायचो.

•

दिगूनं पहिलं घर काढलं. आठ दिवस लागले. दाराची कडी, कडीचा खिळा, तुळशीची पानं, वाळत घातलेल्या लुगड्याचे काठ, सगळं! गेममध्ये टाकलं तर घर अंगठ्याच्या नखाएवढं.

सुदामनं स्क्रीनला नाक लावलं. “दिगूशेठ, हे घर आहे का भेळ?”

दिगूला लागलं ते. पण दुसऱ्या दिवशी तोच म्हणाला, “चुकलो राव! पाटी धावत्या एसटीतून वाचता आली पाहिजे. घराचंही तेच!” तेव्हापासून तीन रंग, जाड रेघ, बाकी सुट्टी. काढलेलं घर लांबून ओळखू येतं का, हे तो दारात उभा राहून एक डोळा मिटून बघायचा. दिवसातून पन्नास वेळा.

त्या कॉम्प्युटरशेजारी एक बाई टायपिंग शिकायला बसायच्या. तिसऱ्या दिवशी त्या ताडकन उठल्या.

“सर, तुमच्या पेंटरला सांगून ठेवा. मला दोन मुलं आहेत!”

•

मग देऊळ. दिगूनं असं शिखर काढलं, असं शिखर काढलं की स्क्रीनच्या बाहेर जातंय की काय! पण गेममधलं गाव गच्चीवरून बघितल्यासारखं तिरकं दिसतं. उंच काही काढलं की मागचं झाकलं जातं. आमच्या गावात पाणी मिळेना, माणसं पटापट गाव सोडून चालली. आम्ही डोकं धरून बसलो. शेवटी सापडलं. विहीर होती, पण देवळामागे! ती आम्हाला दिसेना, त्यामुळे कोरडी पडलेलीही कळेना.

मी म्हटलं, “दिगू, शिखर अर्धं कर.”

“हात तोडून देईन, शिखर नाही कापणार!”

सुदाम शांतपणे म्हणाला, “राहू द्या सर. आमच्या गावचीही विहीर सरपंचाच्या बंगल्यामागंच हाय. आम्हाला सवय हाय.”

•

आमच्या सौ.ना या सगळ्याचा भारी राग. तो विझवायला मी म्हटलं, तुझंही एक घर बांधू. रंग सांग.

“राणी कलर!”

दिगूनं खास भडक राणी कलर लावला. त्यांचं घर बांधलं, शेजारी माझ्या आईचं पिवळं. गेम सुरू केला, आणि आईचं घर झोकात उभं, सौ.च्या जागी नुसता माळ! हवेत एक दार, हवेत एक खिडकी. फोल्डरमध्ये घर आहे, गावात नाही.

सुदामनं दोन दिवस खटपट करून कारण काढलं. तो एकच रंग गेमला दिसत नाही. तो जिथे असेल तिथे गेम आरपार भोक ठेवतो. चित्राच्या कडेची फालतू जागा झाकायला त्यांनी तो राखून ठेवलेला.

हे मी सौ.ना नीट समजावलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

“बरोबर आहे. तुमच्या आईंचं घर दिसतं. माझंच दिसत नाही!”

•

आता सुदामचं. नाशिकच्याच एका कंपनीनं मुलांच्या गेमची चित्रं काढायला त्याला बोलावलं होतं. पण त्याचे वडील, आप्पा, म्हणाले, शेती कोण बघणार? आणि त्याला न्यायला थेट क्लासवर आले.

सुदामनं मोठ्या हौसेनं गेममधली कांदाचाळ, म्हणजे कांदा साठवायची फटीफटींची शेड, दाखवली. बारीक पट्ट्या काढल्या की स्क्रीनवर नुसत्या मुंग्या दिसायच्या, म्हणून त्यानं सरळ भिंत बंद केली होती. दिसायला एकदम देखणी!

आप्पा वाकले. अहिराणीत म्हणाले, “हाई काय शे? चाळ शे का तुरुंग? वारं नही लागनं तर कांदा सडी जाई ना!” आणि मग मराठीत, म्हणजे मला कळावं म्हणून, “सर, ज्याला चाळ बांधता येत नाही, त्याचं इथं काय काम? आठ दिवसांनी येतो. चाळ नीट दिसली तर ठीक. नाहीतर याची पेटी बांधून ठेवा.”

सुदामनं आठ दिवस दुसरं काही केलं नाही. चारच पट्ट्या, पण जाड. पट्ट्यांमध्ये वरच्या बाजूला राणी कलर, म्हणजे आरपार हवा! खाली कांदा. दिगूनं दारातून एक डोळा मिटून बघितलं आणि पहिल्यांदाच म्हणाला, “एसटीतून दिसतेय रे!”

आठव्या दिवशी सकाळी सुदामला वाटलं, कांदा जरा फिका आहे. आप्पांसाठी थोडा उठावदार गुलाबी करू. केला. तपासणार, तेवढ्यात जिन्यात आप्पांच्या वहाणा वाजल्या. पहिल्याच एसटीनं आले होते.

गेम सुरू झाला. चाळ दिमाखात उभी! चार पट्ट्या सरळ, वारा आरपार. आणि आरपार मागचं हिरवं शेत. आत कांद्याचं एक टरफल नाही.

सुदाम पांढराफटक. गुलाबी चढवता चढवता कांदा थेट राणी कलरचाच झाला होता. दिगूनं दोन्ही डोळे मिटले. खाली गिरणीत बाजरी पडली असावी, माझा माऊस थरथरत होता.

आप्पा वाकले. एकेका फटीतून आत बघितलं.

“सगळा कांदा गया?”

“गेला आप्पा!” दिगू डोळे न उघडताच म्हणाला.

“गणपतीआधीच? आमना तर दिवाळीपर्यंत खपत नही!”

“आधीच!” मी म्हणालो.

आप्पांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. माझ्याजवळ सरकले.

“सर, ऱ्हाऊ द्या याले नाशिकले.” मग सुदामला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, “फक्त व्यापारी कोन व्हता, तेवढं माले सांगा!”