परगावचा गोलकीपर

बार्शीटाकळीजवळच्या आमच्या गावात तो विजेचा लाइनमन म्हणून बदलून आला, तेव्हा सगळे त्याच्याशी फार आदराने बोलत. त्याला कारण होते. तो नदीपलीकडच्या गावचा, आणि बंधाऱ्याच्या पाण्यावरून दोन्ही गावांत काठ्या चालल्या, त्याला फार काळ लोटला नव्हता. आमच्याकडे मनमोकळ्या शिव्या मिळतात त्या आपल्या माणसाला. परक्याच्या वाट्याला येतो तो केवळ आदर.

आमच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर नोकरीसाठी पुण्याला गेला, म्हणून नाइलाजाने याला गोलात उभे केले. सामन्याआधी हातांना माती चोळून तो दोन्ही खांबांना हलकेच थोपटत असे. त्याने चेंडू अडवला, तर तुरळक टाळ्या पडत. सुटला, तर कोणी काहीच बोलत नसे. ती शांतता त्याला सोसवत नाही, हे मला, गावच्या शाळामास्तरला, मैदानाच्या कडेवरून दिसे, पण धीराचा शब्द कधी सुचला नाही.

अकोल्याच्या संघाविरुद्ध एक अगदी साधा चेंडू त्याच्या पायांमधून गोलात गेला. बंधाऱ्यावरच्या त्या मारामारीत ज्यांचा हात मोडला होता, ते दादाजी ताडकन उठले. "अबे, झोपून राहिला काय तू? तुह्या पायातून तं म्हैस जाईन!"

सारे मैदान हसले. तो मात्र चेंडू आणायचे विसरून तसाच उभा राहिला.

"मनाला लावून घेऊ नका," सामन्यानंतर मी म्हणालो.

"काहून, सर? दोन वर्सांत या गावात मले पयल्यांदा कोनी झापलं," तो म्हणाला, आणि दादाजींच्या शेजारी जाऊन उरलेले बोलणे ऐकत बसला.